अडखळ आणि मोजमाप

छंदांचा तास घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक अनुभव येतो. विद्यार्थी बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत आर्या म्हणू लागला की आर्या अडखळते. बारा, अठरा, बारा, पंधरा हा हिशेब चोख उतरतो, यतीही जागेवर पडतो. परंतु चाल जाते, कारण म्हणणारा आणि मोजणारा हे दोघे एकाच जिभेवर बसलेले असतात. दोष आर्येत नसतो, विद्यार्थ्याच्या गळ्यातही नसतो. म्हणता म्हणता मोजण्यात असतो. प्रस्तुत लेखाचा विषय म्हणजे या अनुभवाचाच एक अलीकडचा अवतार आहे. संगणकावरचा खेळ सुरळीत चालावा म्हणून यंत्राची नाडी पाहणारी साधने तयार झाली, पुढे ती साधनेच खेळाला अडखळवू लागली आणि मग त्यांना आवरण्याची एक स्वतंत्र कला जन्माला आली. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तरीही तो येथे मांडावासा वाटतो, कारण 'मला असे जाणवले' या साक्षीची किंमत किती, हा आपल्या समीक्षेतला जुना प्रश्न या इतिहासात आकड्यांनिशी उभा राहतो.

प्रथम शब्दाविषयी. आमच्या नगरकडची मुले (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, बोलण्यात नगर आहेच) खेळात काहीही बिघडले की 'लॅग मारतोय' असे म्हणतात. या एका शब्दात तीन निराळे आजार कोंबलेले आहेत. दूरच्या सर्व्हरपर्यंत निरोप पोहोचायला लागणारा उशीर हा पहिला. यंत्र मुळातच दुबळे असल्यामुळे चित्र सतत संथ असणे हा दुसरा. आणि सर्व काही वेगाने चाललेले असताना मध्येच एक ठेच लागणे, क्षणभर चित्र थिजून पुन्हा धावू लागणे, हा तिसरा. या तिसऱ्याला मी अडखळ म्हणतो. संथ चालणाऱ्या माणसाला आणि ठेच लागलेल्या माणसाला आपण एकच औषध देत नाही. येथे मात्र बराच काळ तसे घडत आले, आणि त्याचे कारण मोजण्याच्या पद्धतीत होते.

ज्यांनी दोन हजारच्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणचे सायबर कॅफे पाहिले आहेत, त्यांना यंत्राची नाडी पाहण्याची गरज वेगळी समजावून सांगायला नको. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे, रस्त्यावरची धूळ थेट आत, भारनियमनाचे तास ठरलेले, आणि वीज आली तरी दाबाचा भरवसा नाही. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण कायमचे काढून ठेवलेले असे आणि शेजारी टेबलफॅन वळवून लावलेला. ते दृश्य हास्यास्पद नव्हते. त्यामागे अनुभव होता. सप्टेंबर २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर' या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यंत्र चालू असतानाच उचलून घ्यायचा आणि काय होते ते पाहायचे. एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत धूर सोडून कायमचा निकामी झाला. इंटेलच्या पेंटियम ४ वर 'क्वेक ३' हा खेळ चालू होता. तो संथ झाला, पण चालत राहिला, कारण त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे तापमान पाहून वेग उतरवण्याची सोय होती. ज्याच्या घरी कर्ज काढून किंवा वर्षभराची बचत घालून असेंबल्ड संगणक आला असेल, त्याच्या दृष्टीने तापमानाचा आकडा म्हणजे चैन नव्हे.

हा आकडा येतो कोठून? नव्वदच्या दशकाच्या मध्यास नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या एलएम७८ सारख्या छोट्या चिप मदरबोर्डावर बसू लागल्या. पंख्याचे फेरे, विजेचा दाब आणि तापमान एवढेच त्यांचे काम. त्यांच्याशी बोलण्यासाठी एसएमबस नावाची एक वाट १९९५ मध्ये इंटेलने ठरवून दिली. ही वाट मुद्दामच साधी आणि संथ ठेवलेली होती, सेकंदाला एक लाख स्पंदनांपर्यंत. एक बाइट वाचायला सुमारे चाळीस स्पंदने, म्हणजे जवळपास ०.४ मिलिसेकंद लागतात. माणसाच्या लेखी हा काळ शून्यच. प्रोसेसरच्या लेखी मात्र तो लाखो कामांचा खोळंबा ठरू शकतो. पण ज्यांनी ही वाट आखली, त्यांच्या मनात अधूनमधूनची थोडीशी विचारपूस एवढेच होते. तिच्यावरून पुढे डझनावारी आकड्यांची वर्दळ होणार आहे, हे त्यांच्या गणितात नव्हते.

या चिपचे म्हणणे पडद्यावर आणणारी साधने बहुतांशी एकेकट्या माणसांनी लिहिली, हे या इतिहासाचे मोठे वैशिष्ट्य आहे. नेदरलँड्सच्या अलेक्झांडर फान काम यांचे 'मदरबोर्ड मॉनिटर', इटलीच्या आल्फ्रेदो मिलानी कॉम्पारेत्ती यांचे 'स्पीडफॅन', स्लोव्हाकियाच्या मार्टिन मलिक यांचे 'एचडब्ल्यूइन्फो', रशियाच्या अलेक्सेई निकोलायचुक यांचे 'रिवाट्यूनर'. शेवटच्या साधनाचे नाव एनव्हिडियाच्या रिवा या चित्रपत्रिकांवरून पडलेले आहे. एमएसआय कंपनीचे 'आफ्टरबर्नर' हे आज सर्वत्र दिसणारे साधन त्याच रिवाट्यूनरच्या पायावर उभे राहिले. जुने कोशकार जसे एकट्याच्या हिमतीवर शब्द गोळा करीत, तशीच या मंडळींनी प्रत्येक मदरबोर्डाची, प्रत्येक चिपची लकब टिपून ठेवली. विद्यापीठीय मान्यता त्यांच्या वाट्याला आली नाही. असो.

आता मुख्य प्रश्नाकडे. खेळाची चाल मोजण्याचे एकच माप दीर्घकाळ प्रचलित होते: दर सेकंदाला किती फ्रेम. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या 'फ्रॅप्स'ने हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत आणून बसवला आणि तो खेळाडूंच्या बोलण्याचा भाग झाला. साठ म्हणजे उत्तम, तीस म्हणजे चालसे. पण या आकड्यात एक फसवणूक दडलेली होती. समजा, एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १६ मिलिसेकंदांत उमटल्या आणि एका फ्रेमला २०० मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर एक सेकंद. फ्रेम झाल्या ५१. कोपऱ्यातला आकडा ५१ दाखवील आणि पाहणारा म्हणेल, काय तक्रार आहे? खेळणाऱ्याला मात्र सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी ठेच लागलेली असते, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरचा गडी वळलेला असतो.

तक्रार करणाऱ्याला तेव्हा मिळणारे उत्तर ठरलेले होते: आकडे ठीक आहेत, तुझ्या डोळ्यांचा भास आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने हे उत्तर वेगळ्या शब्दांत पुष्कळदा ऐकले आहे. कवितेत काहीतरी खटकते असे तो म्हणतो, आणि त्याला वृत्त निर्दोष असल्याचे दाखवून गप्प केले जाते.

सप्टेंबर २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी एक लेख लिहिला. सेकंदाच्या आत शिरून पाहू या, असा त्याचा एकंदर रोख होता. त्यांनी सरासरी बाजूला ठेवली आणि प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले याचा आलेख काढला. साठच्या चालीला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. त्या रेषेवरून उंच उसळलेला प्रत्येक काटा म्हणजे एक अडखळ. शंभरांतल्या नव्व्याण्णव फ्रेम किती वेळाच्या आत आल्या, हे त्यांचे नवे माप. कल्पना इतकी साधी की ती आधी का सुचली नाही याचे आश्चर्य वाटावे. पण सरासरीचा मोह विलक्षण असतो: एक आकडा, एक रकाना, एक विजेता. वॉसन यांच्या मापाचा परिणाम लवकरच दिसला. २०१२ च्या अखेरीस त्यांनी रेडिऑन एचडी ७९५० आणि तिच्या प्रतिस्पर्धी चित्रपत्रिकेची तुलना केली. सरासरीत दोघी तुल्यबळ होत्या, फ्रेमकाळाच्या आलेखात मात्र रेडिऑनच्या रेषेवर काटेच काटे. शंका घेणाऱ्यांसाठी मंदगती चित्रणही दाखवले गेले. एएमडीने दोष मान्य केला आणि २०१३ च्या आरंभापासून ड्रायव्हरमध्ये दुरुस्त्या येऊ लागल्या. ज्याला भास म्हटले जात होते त्याला आता नाव, आलेख आणि उपाय मिळाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे, कारण येथे मोजमापाने अनुभवाला खोटे पाडले नाही; उलट अनुभवाचा मान राखण्यासाठी मोजमापालाच बदलावे लागले.

त्याच वर्षी मार्चमध्ये एनव्हिडियाने एफकॅट नावाची पद्धत पुढे आणली. तिच्यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला एक रंगीत पट्टी उमटवायची, पडद्याकडे जाणारे चित्र दुसऱ्याच एका संगणकात साठवायचे आणि मग पट्ट्यांची उंची मोजून कोणती फ्रेम किती काळ दिसली ते काढायचे. दोन चित्रपत्रिका जोडून चालणाऱ्या यंत्रांत काही फ्रेम पडद्यावर जेमतेम काही ओळींपुरत्या उमटतात आणि तरी गणतीत पूर्ण धरल्या जातात, हे या पद्धतीमुळे डोळ्यांना दिसले. आपल्या दृष्टीने तिच्यातली लक्षणीय गोष्ट निराळी आहे. मोजण्याचे जड काम खेळणाऱ्या यंत्राबाहेर नेले गेले. म्हणणारा आणि मोजणारा यांना वेगळे बसवले. पण दुसरे यंत्र आणि तो सरंजाम कोणाला परवडणार? सामान्य खेळाडू एकाच यंत्रावर खेळतो आणि त्याच यंत्राला मोजायला लावतो.

येथून उत्तरार्ध सुरू होतो. फ्रेमकाळाचा आलेख हाती आल्यावर प्रत्येक जण तो पडद्यावर लावू लागला. सोबत प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याचे तापमान, वेग, विजेचा वापर, चित्रपत्रिकेची स्मृती, पंख्यांचे फेरे. आणि मग लोकांच्या ध्यानात आले की काही काटे या आलेखाच्या पाठोपाठच जन्मले आहेत.

हे कसे घडते ते समजायला नगर जिल्ह्यातलेच एक उदाहरण उपयोगी पडेल. हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखले जाते. पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे, ही रीत पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे रुजली. आता विहिरीची खरी पातळी मोजायची तर पंप बंद असावा लागतो, आणि पाणी वर येऊन स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे मोजायचे तर उपसा थांबवायला हवा. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा पाहते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. कोणी उत्साहाच्या भरात दर तासाला पंप बंद करून दोरी सोडू लागला, तर नोंदवही भरेल, पण पिकाला पाणी मिळणार नाही.

संगणकात 'पंप बंद करणे' निरनिराळ्या ठिकाणी घडते. प्रोसेसरच्या एखाद्या गाभ्याचा वेग किंवा तापमान वाचायचे तर वाचणाऱ्या सूचनेला त्याच गाभ्यावर जावे लागते. तो झोपला असेल तर उठवावे लागते, खेळाच्या कामात असेल तर क्षणभर बाजूला करावे लागते. चित्रपत्रिकेचे आकडे तिच्या ड्रायव्हरकरवी येतात, आणि तो उत्तर शोधेपर्यंत खेळाकडून आलेले काम दारात उभे राहू शकते. विजेच्या वापराचा आकडा, म्हणजे आफ्टरबर्नरमधला 'पॉवर' हा आलेख, एनव्हिडियाच्या काही पत्रिकांवर या बाबतीत विशेष बदनाम आहे. तेवढी एक खूण काढताच अडखळ गेल्याचे अनेकांनी नोंदवले. लॅपटॉपात आणि काही मदरबोर्डांवर एम्बेडेड कंट्रोलर नावाचा एक धिमा कारकून असतो. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इतक्या सावकाश येते की एचडब्ल्यूइन्फो काही यंत्रांवर आधीच सावधगिरीची सूचना देते. हार्ड डिस्कच्या प्रकृतीची चौकशी हाही असाच एक खोळंबा.

शास्त्रात या गोष्टीला जुने नाव आहे. जेसन गेट यांनी १९८६ मध्ये एका निबंधात दाखवले होते की एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांच्या कार्यक्रमात तपासणीची सूचना घातली, तर केवळ तिच्या उशिरामुळे कार्यक्रमाचे वर्तन बदलू शकते. आपल्याकडे अशा प्रसंगी लगेच हायझेनबर्गचे नाव घेण्याची प्रथा पडली आहे, विशेषतः साहित्यविषयक निबंधांत. ती आवरावी. अनिश्चिततेचे तत्त्व निराळे. येथे चालले आहे ते सरळ सरळ रांगेत घुसणे.

या घुसखोरीची जाहीर कबुली जुलै २०१९ मध्ये मिळाली. एएमडीचे रायझन ३००० हे प्रोसेसर नुकतेच बाजारात आले होते आणि काहीच काम नसताना त्यांचा विजेचा दाब चढलेला दिसतो, अशी तक्रार सर्वत्र चालू होती. कंपनीने खुलासा केला की हे प्रोसेसर अतिशय झपाट्याने वेग चढवतात. निरीक्षणाची काही साधने इतक्या वारंवार प्रश्न विचारतात की त्या प्रश्नालाच काम समजून गाभे जागे होतात, दाब चढतो आणि साधन तोच चढलेला दाब प्रामाणिकपणे नोंदवते. झोपलेल्या माणसाला दर मिनिटाला हलवून 'झोपलास का?' असे विचारण्यासारखेच हे. पुढे एएमडीने ड्रायव्हरमध्ये बदल केले, आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरकडून एकाच झटक्यात सारी माहिती घेण्याचा पर्याय आला.

महाविद्यालयांत शिकवणाऱ्या वाचकांना येथे दुसरेच काही आठवले असेल. अध्यापनाच्या मूल्यांकनाचे तक्ते भरण्यासाठी घेतलेली रजा त्याच तक्त्यात 'अध्यापनाचे तास' या रकान्यातून वजा होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

साधने आवरण्याची कला आता ध्यानात येईल. तिचे पहिले सूत्र कानाचे आहे. अडखळ अनियमित असेल तर कारण बहुधा खेळात किंवा त्याच्या मालमसाल्यात असते. पण ती तबल्याच्या समेसारखी ठरावीक अंतराने येत असेल, तर कोणीतरी ठरावीक अंतराने प्रश्न विचारतो आहे. आफ्टरबर्नरचे मूळ अंतर एक सेकंदाचे, एचडब्ल्यूइन्फोचे दोन सेकंदांचे. अडखळ दर दोन सेकंदांनी येत असेल तर अंतर पाच सेकंदांवर न्यावे. अडखळही पाचांवर गेली तर चोर सापडला. मग एकेक आकडा बंद करीत जावे आणि प्रत्येक वेळी फ्रेमकाळाचा आलेख पाहावा. विजेचा आकडा आधी, मग एम्बेडेड कंट्रोलर, मग डिस्क. डिस्कची चौकशी दर काही फेऱ्यांनी एकदाच करण्याची सोय एचडब्ल्यूइन्फोत आहे. जो आकडा पाहून आपण काहीही करणार नाही, तो विचारूच नये. दोन साधने एकाच वेळी चालवू नयेत. पडद्यावर आलेख सतत रंगवत ठेवण्यापेक्षा नोंद फाइलीत घालून खेळ संपल्यावर वाचावी. इंटेलचे 'प्रेझेंटमॉन' याच मार्गाने जाते; ते खेळाच्या आत शिरत नाही, विंडोज स्वतःच ठेवीत असलेल्या नोंदी वाचते.

प्रत्येक वेळी गुन्हेगार निरीक्षकच असतो असे मात्र नव्हे. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की काही रायझन यंत्रांवरची अधूनमधून येणारी अडखळ मदरबोर्डावरील सुरक्षाव्यवस्थेच्या स्मृतिव्यवहारांतून येत होती. नवे बायोस त्यावर उपाय ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या नव्या ॲपमध्ये खेळावर रंगछटा चढवण्याची सोय केवळ चालू असल्यानेच, ती वापरली नाही तरी, काही खेळांची चाल पंधरा टक्क्यांपर्यंत उतरत असल्याचे उघड झाले. कंपनीने ती सोय बंद ठेवायला सांगितले. दुसऱ्या बाजूने, रिवाट्यूनरमधील फ्रेमची कमाल मर्यादा बांधण्याची सोय अडखळ कमी करण्यासाठी सर्वाधिक वाखाणली जाते. ज्या साधनाने मोजायचे त्यानेच चाल सांभाळायची, असा हा उलटा न्याय.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. एसएमबसच्या संथ वाटेवर दोन साधने एकाच वेळी शिरली, तर एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याचे उत्तर अशी गल्लत होते. पंखा उभा आहे किंवा तापमान उणे आहे, असे वेडेविद्रे आकडे येतात. यावर या एकट्यादुकट्या लेखकांनी एक तोडगा काढला. वाटेच्या तोंडाशी एक सामाईक कुलूप ठेवायचे, ज्याचे नाव सर्वांना ठाऊक असेल. आत जाणाऱ्याने ते लावायचे, बाहेर येताना काढायचे. कोणत्याही कायद्याने हे बंधनकारक केलेले नव्हते. तरी परस्परांचे स्पर्धक असलेले हे लोक ते पाळत आले. पुढे मोठ्या कंपन्यांच्या झगमगीत साधनांपैकी काहींनीच ते पाळले नाही.

या व्यवस्थेचे नाजूकपण अलीकडे दोनदा दिसले. जानेवारी २०२३ मध्ये निकोलायचुक यांनी लिहिले की युद्धामुळे कंपनीकडून येणारे पैसे कित्येक महिने थांबले आहेत आणि आफ्टरबर्नरचा प्रकल्प जवळजवळ संपल्यात जमा आहे. जगभरचे खेळाडू ज्या आकड्यांवर विसंबून होते, त्यांच्यामागे एकच माणूस आहे हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले. सुदैवाने काम पुढे चालू झाले. मार्च २०२५ मध्ये विंडोजच्या संरक्षकाने 'विनरिंगझिरो' या ड्रायव्हरला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. तापमान वाचणाऱ्या आणि पंखे आवरणाऱ्या कितीतरी मोफत साधनांचा यंत्राच्या आत शिरण्याचा तोच दरवाजा होता. आक्षेप खोटा नव्हता. त्या दरवाजातली फट २०२० पासून नोंदलेली होती. पण नव्या दरवाजाला मायक्रोसॉफ्टची सही मिळवायची तर पैसा आणि संस्था लागते, आणि ही साधने लिहिणाऱ्या बहुतेकांकडे दोन्ही नाही. तेव्हापासून काही साधनांनी आपला ड्रायव्हर बदलला, काही मागे पडली, आणि काही ठिकाणी वापरणाऱ्यांनीच इशारा बाजूला सारून जुना दरवाजा उघडा ठेवला आहे. पारा चाळिशीपार गेल्यावर तापमानाचा एक आकडा, पाच सेकंदांतून एकदा, त्यांना हवाच असतो.